ओतशाळेतील भट्टीची निवड

ओतशाळेत (फाउंड्रीत) धातू वितळवण्यासाठी कोणत्या प्रकारची आणि किती क्षमतेची भट्टी बसवावी, याविषयीचा तांत्रिक व आर्थिक निर्णय. शेतीची तेलइंजिने, पंप आणि पुढे वाहनांचे सुटे भाग यांच्या ओतकामावर वाढलेल्या कोल्हापूर परिसरात, म्हणजे शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नव्या उद्योजकासमोर येतो. बहुतेक जण भट्टीच्या किमतीपासून विचार सुरू करतात. वास्तविक तो कोणता माल ओतायचा आणि दर तासाला किती साचे तयार होणार, येथून सुरू व्हायला हवा.

पहिली चाळणी धातूची. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते, तांबे 1,085 अंशांना, बीड (कास्ट आयर्न, म्हणजे ओतीव लोखंड) साधारण 1,150 ते 1,200 अंशांना आणि पोलाद 1,500 अंशांच्या आसपास. ॲल्युमिनियम किंवा पितळेच्या छोट्या कामाला तेलावर अथवा गॅसवर चालणारी मुशीची भट्टी पुरते. बिडासाठी मात्र कोकवर चालणारा क्युपोला आणि विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी, असे दोन मुख्य पर्याय उरतात.

क्युपोला म्हणजे आतून अग्निविटांचे अस्तर दिलेला उभा पोलादी नळा. वरून कोक, पिग आयर्न (कच्चे लोखंड), भंगार आणि चुनखडी यांचे थर टाकले जातात, खालून ब्लोअरची हवा मिळते आणि तळाशी वितळलेले बीड साचते. त्याची उभारणी स्वस्त पडते आणि पाइप, झाकणे, वजने अशा साध्या मालाला तो आजही योग्य आहे. पण तो पेटवला की काही तास सलग चालवावा लागतो. त्यामुळे आधी साचे साठवून ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी ओतायचे, असा कामाचा क्रम पडतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. कोकमधील गंधक धातूत उतरते, आणि गोलाकार ग्रॅफाइट असलेल्या एसजी आयर्नला गंधक अत्यल्पच चालते. असा माल पुरवायचा असेल, तर क्युपोलाचा विचार जवळपास तिथेच संपतो.

इंडक्शन भट्टीत मुशीभोवतीच्या तांब्याच्या कॉइलमधून प्रत्यावर्ती प्रवाह वाहतो, त्याने धातूतच प्रवाह निर्माण होऊन धातू स्वतः तापतो आणि ढवळलाही जातो. पोलादाचे भंगार घेऊन त्यात कार्बन व फेरोसिलिकॉन (लोखंड-सिलिकॉनचा मिश्रधातू) घालून हवी ती रचना साधता येते. एक टन बीड वितळवायला साधारण 550 ते 650 युनिट वीज लागते, म्हणजे तासाला एक टन धातू हवा असेल तर सुमारे 600 किलोवॉटचे पॅनेल (भट्टीला वीज पुरवणारा संच) धरावे लागते. भट्टीच्या कोटेशनइतकेच महत्त्व म्हणूनच वीजजोडणीला द्यावे. मंजूर भार, रोहित्र आणि मागणी आकार (डिमांड चार्ज) यांचा खर्च काम कमी असलेल्या महिन्यातही चुकत नाही. शिवाय वेळेनुसार दर बदलत असल्याने हीट (एका वेळी वितळवलेला धातूचा घाणा) कोणत्या वेळी काढायची, हेही हिशेबात येते.

क्षमता ठरवताना होणारी चूक सर्वांत महाग पडते. समजा, एक टनाची भट्टी तासाला एक टन धातू देते, पण मोल्डिंग विभागातून तासाला 400 किलो धातू मावेल इतकेच साचे निघतात. उरलेला धातू मुशीत तापत राहतो, वीज जळते, कार्बन कमी होत जातो आणि अस्तर झिजते. कारागीर अशा धातूची परीक्षा पाचरीने करतो: छोट्या पाचरीच्या आकाराचा नमुना ओतून, गार करून, तो मोडतो आणि टोकाशी पांढरा पट्टा किती रुंद आला ते पाहतो. पट्टा वाढला, की तीच हीट ओतल्यास कास्टिंगच्या पातळ कडा कठीण होऊन मशीनिंगमध्ये हत्यारे मोडतील, हे त्याला कळते. भट्टी साच्यांच्या वेगाला जुळणारी असावी, मोठी असण्यात भूषण नाही.

अस्तराचाही विचार खरेदीच्या वेळीच करावा. बिडासाठी सिलिकाचे रॅमिंग मास (ठोकून बसवायची कोरडी भुकटी) बोरिक ॲसिडच्या मिश्रणाने ठोकून बसवतात. मँगनीज पोलादाला ते चालत नाही, तिथे मॅग्नेसाइटसारखे अल्कधर्मी अस्तर लागते. एका पॅनेलला दोन मुशी जोडल्या, तर एकीचे अस्तर बदलत असताना दुसरी चालू राहते. छोट्या ओतशाळेसाठी हा खर्च सार्थकी लागतो. कॉइल थंड ठेवणाऱ्या पाण्याला वीज गेल्यावर पर्यायी व्यवस्था हवीच, कारण पाणी थांबले आणि वितळलेला धातू अस्तर भेदून कॉइलपर्यंत पोहोचला, तर माणसांच्या जिवावर बेतते. ओले भंगार किंवा दोन्ही तोंडे बंद असलेला पाइप मुशीत टाकण्याचा धोकाही तितकाच मोठा आहे.

काही ठिकाणी निवड हवेच्या प्रदूषणावरून ठरते. क्युपोलाच्या धुरातील धूलिकणांना भारतात मर्यादा आहे: तासाला 3 टनांहून कमी वितळणाऱ्या क्युपोलासाठी घनमीटरमागे 450 मिलिग्रॅम आणि त्याहून मोठ्यासाठी 150 मिलिग्रॅम. हवा दोन पातळ्यांवरून सोडणाऱ्या विभाजित झोताच्या क्युपोलात कोक कमी लागतो; 1990 च्या दशकाच्या अखेरीस टेरी या ऊर्जाविषयक संशोधन संस्थेने हावडा येथे तो चालवून दाखवला. आग्र्यात तर ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने 30 डिसेंबर 1996 रोजी दिलेल्या आदेशानंतर ओतशाळांना कोळसा व कोक सोडून नैसर्गिक वायूकडे वळावे लागले.