युद्धपटाला गुण द्यायचे की त्याच्या डिस्कला?

खान्देशात युद्धपटांचा विषय निघाला की प्रत्येकाचं मत ठाम असतं. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा पहिल्या महायुद्धावरचा इंग्रजी चित्रपट कंटाळवाणा आहे, असं जळगाव-धुळ्यातल्या जाणत्या प्रेक्षकांकडूनही ऐकू येतं. असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्यासमोर जी प्रत आली ती खरोखरच कंटाळवाणी होती. चित्रपट एक आणि आपण पाहिलेली प्रत दुसरी, हा फरक इतका का वाढला, ते समजून घेतल्याशिवाय अशा चित्रपटावर निकाल देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

१९५०च्या दशकात अमेरिकेत घरोघरी टीव्ही आला आणि थिएटरं ओस पडू लागली. टीव्हीवर मावणारच नाही असं काहीतरी दाखवणं स्टुडिओंना भाग पडलं. त्यातून रुंद पडदे आले आणि ७० मिमी रुंद फिल्मचा जमाना सुरू झाला. निगेटिव्ह ६५ मिमीची, थिएटरात जाणारी प्रिंट ७० मिमीची, तिच्यावर सहा ट्रॅकचा चुंबकीय ध्वनी. डेव्हिड लीन यांचा 'लॉरेन्स' १० डिसेंबर १९६२ला लंडनमध्ये झळकला तो याच स्वरूपात. पुढे त्याला ७ ऑस्कर मिळाले.

यातला विहिरीचा प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. क्षितिजावर मृगजळ थरथरतंय आणि त्यात एक काळा ठिपका हलतोय. तो हळूहळू मोठा होतो, उंट दिसतो, मग त्यावरचा स्वार. हा ओमर शरीफ यांचा प्रवेश. कॅमेरामन फ्रेडी यंग यांनी त्यासाठी खास लांब पल्ल्याची लेन्स वापरली होती. सगळी मजा आहे ती तो ठिपका आपल्याला लवकर दिसण्यात आणि माणूस मात्र फार उशिरा पोचण्यात. ठिपकाच दिसला नाही, तर उरतं काय? रिकामी वाळू आणि काहीच न घडणारी मिनिटं. (याच चित्रपटात आपले आय. एस. जोहर गासिमच्या भूमिकेत आहेत. वाळवंटात हरवलेल्या ज्या माणसासाठी लॉरेन्स मागे फिरतो, तो हाच.)

प्रतींची वाताहत मात्र हा चित्रपट टीव्हीवर दिसण्याच्याही आधी, थिएटरातच सुरू झाली होती. सुरुवातीला सुमारे २२२ मिनिटांचा असलेला हा चित्रपट प्रदर्शनानंतर थोड्याच काळात कापला गेला. १९७०च्या दशकात पुन्हा लागला तेव्हा १८७ मिनिटांवर आला होता. जुने चित्रपट दुरुस्त करणारे रॉबर्ट हॅरिस यांनी विखुरलेले तुकडे जमवून १९८९ साली तो पुन्हा उभा केला. काही दृश्यांचा आवाज हरवला होता, म्हणून लॉरेन्स झालेले पीटर ओटूल आणि इतर नटांकडून पंचवीसेक वर्षांनी तेच संवाद नव्याने बोलून घेतले. जॅक हॉकिन्स तोवर वारले होते, त्यांच्या जागी चार्ल्स ग्रे यांनी आवाज दिला. म्हणजे कापाकापीनंतर १९८९पर्यंत ज्यांनी हा चित्रपट नापास केला, त्यांच्यापुढे पूर्ण उत्तरपत्रिका आलीच नव्हती.

आपल्याकडे तर चित्रपट आणखी गाळून येई. सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या ठिकाणी तंबूत लागणारी प्रिंट शहरात झिजून झाल्यावरच यायची. ओरखडे पडलेली, जोडाजोडी केलेली. १९८२च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आले. कापसाचे पैसे हाती आले की गावात टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेटी रात्रभरासाठी भाड्याने आणायच्या आणि गल्लीत चादर अंथरून पहाटेपर्यंत पाहायचं, ही पद्धत पडली. त्या रात्रींची माया मला आहे. पण टीव्हीची काच जवळपास चौकोनी होती. उंचीच्या २.२० पट रुंद असलेलं चित्र तिच्यावर पूर्ण भरायचं, तर रुंदीतला जवळजवळ ४० टक्के भाग कापावाच लागे. दोन फौजा समोरासमोर उभ्या असतील, तर त्यातली एकच दिसायची.

मग व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी आली. चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. त्यात 'लॉरेन्स' न कापता बसवला, तर वरखाली काळ्या पट्ट्या जाऊन चित्राला उरतात जेमतेम १७५ ओळी. विहिरीकडे येणारा तो ठिपका इथे संपलाच. शिवाय एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटं. १९९७चा 'बॉर्डर' पाहायला तीन डिस्क लागायच्या आणि २००३चा सव्वाचार तासांचा 'एलओसी कारगिल' चारांपेक्षा कमीत मावतच नाही. डिस्क संपायची ती दिग्दर्शकाच्या मर्जीने नाही. टेकडी अर्धी चढून झाली की पडदा निळा. त्यात लोडशेडिंग. 'पिच्चर भारी शे, पन लांबनं,' हा आपल्याकडचा नेहमीचा शेरा अशा तुकड्या-तुकड्यांतून आला आहे. (तरीही 'एलओसी' जास्त लांबला, हे माझं मत सलग पाहूनही बदललेलं नाही.)

२००७च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा घरी डिस्क विकत घेणं पहिल्यांदाच सोपं झालं. त्याच बाजारात एका डीव्हीडीवर तीन-तीन चित्रपट कोंबलेल्या डिस्कही मिळायच्या. जागा तेवढीच आणि माल तिप्पट, त्यामुळे धूर, धूळ आणि धावपळ आली की चित्राचे चौकोन फुटायचे. युद्धपटात दुसरं असतं तरी काय! चेतन आनंद यांचा 'हकीकत' (१९६४) कृष्णधवल आहे, लडाखच्या उघड्या डोंगरांत घेतलेला. त्यातली थंडी दिसते ती करड्या रंगाच्या बारीक छटांतून. वाईट प्रतीत त्या छटा जातात आणि फक्त काळं-पांढरं उरतं.

आवाजाचंही तेच. वरणगावच्या आयुध निर्माणीत बंदुकीची काडतुसं बनतात, भुसावळलाही आयुध निर्माणी आहे. त्या वसाहतींतल्या प्रेक्षकाला गोळीचा आवाज कुणी शिकवायला नको. पण सहा ट्रॅकचा ध्वनी टीव्हीच्या एकाच भोंग्यातून आला, की तोफ आणि दार आपटणं सारखंच वाटतं.

याच्या उलट चूकही होते, आणि ती ओळखायला अवघड असते. अमेरिकी सेनापतीवरचा १९७०चा 'पॅटन' २००८ साली ब्लू-रेवर (डीव्हीडीहून बारीक चित्र दाखवणाऱ्या डिस्कवर) आला तेव्हा अगदी स्वच्छ दिसत होता. फिल्मचे मूळ कण पुसताना चेहऱ्यांच्या सुरकुत्या आणि गणवेशाचा पोतही पुसला गेला होता, माणसं मेणाची वाटू लागली. जाणकारांनी जोरदार टीका केली आणि २०१२ साली नव्याने केलेली प्रत आली, तिच्यात ते कण परत आले. दुकानात टीव्हीवर चकचकीत दिसणारी प्रत चांगलीच असेल असं नाही, हे तेव्हा अनेकांना कळलं.

म्हणून परीक्षण लिहिताना दोन निकाल वेगळे लिहावेत असा माझा आग्रह आहे. चित्रपटाचा वेगळा, प्रतीचा वेगळा. प्रत किती मिनिटांची, चित्र पूर्ण रुंदीचं आहे का, आवाज कुठला, हे आधी सांगावं. मोबाइलवर पाहिला असेल तर तेही लिहावं, त्यात कमीपणा नाही.

'लॉरेन्स'च्या बाबतीत आता सबब उरलेली नाही. मूळ निगेटिव्ह ८केमध्ये, म्हणजे आडवे सुमारे आठ हजार ठिपके टिपत, स्कॅन झाली, वाळवंटातल्या उष्णतेने फिल्मच्या थरावर पडलेल्या बारीक भेगा संगणकावर बुजवल्या गेल्या, आणि २०१२ साली ब्लू-रे आली. २०२०च्या ४के आवृत्तीत हा चित्रपट दोन डिस्कवर आहे. इथे डिस्क बदलावी लागते ती मध्यंतराला, जिथे लीन यांनी प्रेक्षकाला उठायची मुभा दिली होती तिथेच.