बास बोटीवरचं फोर-स्ट्रोक: वेगाच्या वादामागचा इतिहास

बास बोटीवरचं टू-स्ट्रोक इंजिन उतरवून फोर-स्ट्रोक इंजिन बसवल्यावर बोट मंदावली की सुसाट झाली? अमेरिकेतले बास मासेमार, म्हणजे बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा धरणारे, या प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरं देत आलेत आणि त्यातली बरीचशी खरी आहेत. कुणी कोणत्या साली इंजिन बदललं, यावर उत्तर ठरतं. 2001 चं फोर-स्ट्रोक आणि 2018 चं फोर-स्ट्रोक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मुळात ही बोट टू-स्ट्रोकच्या मापानेच घडली. 1948 साली लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टमध्ये होम्स थर्मंड यांनी 'स्कीटर' बांधली; तिला पहिली बास बोट मानतात. चपट्या तळाची, अरुंद नाकाची, आडोशाच्या पाण्यात शिरणारी. वेगाची भूक नंतर लागली. 1967 मध्ये रे स्कॉट यांनी आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर 106 स्पर्धकांची स्पर्धा भरवली आणि पुढच्याच वर्षी त्याच राज्यातल्या फ्लिपिन गावात फॉरेस्ट वुड यांनी 'रेंजर' बोटी बांधायला घेतल्या. स्पर्धा आली की घड्याळ आलं. पहाटे सगळे एकाच धक्क्यावरून सुटतात, माशांची जागा कधी कधी पन्नास मैल दूर असते, आणि प्रवासात गेलेला प्रत्येक मिनिट गळ टाकण्याच्या वेळेतून वजा होतो. म्हणून बोटी लांबल्या, इंजिनं वाढत गेली आणि ताशी सत्तर मैल हा आकडा सर्रास ऐकू येऊ लागला.

अशा वेगात बोटीचा बहुतेक भाग पाण्याबाहेर असतो. तळाच्या मागच्या टोकाला एक अरुंद सपाट पट्टा असतो, त्याला पॅड म्हणतात. पूर्ण वेगात बोट जवळजवळ त्या पट्ट्यावरच तोललेली असते. त्यामुळे मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, किती वजन टांगलंय याला फार महत्त्व येतं. वजन वाढलं की उभी बोट मागून जास्त बुडते, निघताना नाक जास्त वेळ आभाळाकडे राहतं आणि बोट पाण्यावर चढून सपाट व्हायला, म्हणजे 'प्लेन'वर यायला, वेळ लागतो. या पहिल्या उसळीलाच 'होल शॉट' म्हणतात.

टू-स्ट्रोक इथे जन्मजात सरस होतं. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, प्रत्येक फेरीला सिलिंडरमध्ये इंधनाचा स्फोट, झडपांचा पसारा नाही, त्या उघडणारा कॅमशाफ्ट नाही. म्हणजे कमी वजनात जास्त ताकद. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक स्फोट. तेवढीच ताकद हवी तर घनक्षमता, म्हणजे सिलिंडरांचं एकूण आकारमान, वाढवा नाहीतर फेऱ्या वाढवा, आणि वर झडपांचं सगळं लटांबर आलंच. होंडाने 1964 सालीच छोटं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन, बाजारात आणलं होतं, पण स्पर्धेतल्या बास बोटीला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

मग बदल झाला कशामुळे? धुरामुळे. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं ताजं मिश्रणच जळलेला धूर बाहेर ढकलतं आणि त्या गडबडीत स्वतःही थोडं निसटतं. पंचवीस ते तीस टक्के इंधन न जळताच पाण्यात आणि हवेत जायचं. ज्या तळ्यात मासे धरायचे त्याच तळ्यात पेट्रोल आणि तेल सोडायचं, हे कधीतरी थांबायलाच हवं होतं असं मला मनापासून वाटतं. 1996 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, आउटबोर्डसाठी नियम केले. ते 1998 ते 2006 दरम्यान टप्प्याटप्प्याने लागू झाले. कॅलिफोर्नियाने त्याहून घाई केली: 2006 ची केंद्रीय मर्यादा तिथे 2001 पासूनच. लेक टाहोवर 1999 च्या जूनपासून कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकना बंदी आली.

एक गोष्ट मात्र नेहमी विसरली जाते. केंद्रीय नियमाने टू-स्ट्रोकवर बंदी घातली नव्हती. कंपनीच्या सगळ्या इंजिनांची मिळून सरासरी पाहिली जायची, ती कशी गाठायची ते कंपनीने ठरवायचं. त्यामुळे दोन वाटा फुटल्या. एक वाट टू-स्ट्रोक सुधारण्याची: धूर बाहेर जायचं तोंड बंद झाल्यावर थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारायचं. मर्क्युरीचं ऑप्टिमॅक्स, यामाहाचं एचपीडीआय आणि 2003 पासून एव्हिनरूडचं ई-टेक ही त्याच वाटेवरची. ही इंजिनं हलकी राहिली, उसळी कायम राहिली, धूर खूप कमी झाला. बास बोटवाले साहजिकच तिकडे गेले.

दुसरी वाट मोठ्या फोर-स्ट्रोकची. 2001 च्या सुमारास होंडा आणि यामाहाची 225 अश्वशक्तीची व्ही-सिक्स, म्हणजे सहा सिलिंडरची इंजिनं आली. समुद्रात मासेमारी करणाऱ्यांनी ती उचलून धरली: आवाज कमी, इंधन कमी, तेलाची वेगळी टाकी नको. 2004 मध्ये मर्क्युरीने सुपरचार्जरवालं, म्हणजे हवा दाबून आत भरणारं, व्हेराडो आणलं. त्याचं वजन 635 पौंडांच्या घरात होतं. या काळात ज्यांनी बास बोटीवर फोर-स्ट्रोक चढवलं त्यांची 'बोट मागून बसली' ही तक्रार रास्त होती. हलक्या इंजिनासाठी आखलेल्या ट्रान्समवर ते वजन गेलं होतं.

चित्र पालटलं 2010 च्या आसपास, यामाहाच्या व्ही मॅक्स एसएचओने. 4.2 लिटरची व्ही-सिक्स आणि वजन 505 पौंडांच्या आसपास. सिलिंडरमधले पोलादी स्लीव्ह, म्हणजे आतली नळकांडी, काढून आतल्या भिंतीवर प्लाझ्माच्या साहाय्याने कठीण थर चढवला होता. त्यामुळे वजनही वाचलं आणि त्याच ठोकळ्यात घनक्षमताही वाढवता आली. 2018 मध्ये मर्क्युरीने 4.6 लिटरचं व्ही-एट प्रो एक्सएस आणलं, तेही 505 पौंडांपासून, आणि ऑप्टिमॅक्सचं उत्पादन थांबवलं. 225 अश्वशक्तीचं जुनं टू-स्ट्रोक साधारण तीन लिटरचं असायचं. म्हणजे वजनाची दरी भरून निघाली आणि घनक्षमता दीडपट झाली. माझ्या मते खरी कलाटणी ती हीच.

पण आकडे ताडून पाहताना अजूनही एका ठिकाणी फसगत होते: पंखा, म्हणजे पाण्यात फिरून बोट ढकलणारा प्रोपेलर. पिच म्हणजे एका फेरीत पंखा सिद्धांताने किती इंच पुढे जाईल ते. समजा 25 पिचचा पंखा आहे, गिअरचं प्रमाण 1.75, इंजिन 5600 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्या. पंखा मिनिटाला फिरतो 3200 वेळा, पाण्यात वाया जाणारी घसर दहा टक्के धरली तर वेग येतो ताशी सुमारे 68 मैल. तेच इंजिन 6000 पर्यंत चढलं तर 73. पाच मैलांचा फरक पडला तो फक्त फेऱ्यांमुळे. जुन्या टू-स्ट्रोकचा पंखा तसाच नव्या इंजिनाला लावला आणि ते कंपनीने सांगितलेल्या आरपीएमपर्यंत पोचलंच नाही, तर दोष फोर-स्ट्रोकला देण्यात अर्थ नाही. होल शॉटचंही तसंच. अनेक पंख्यांच्या मधल्या नळकांड्यावर पात्यांपाशी छोटी भोकं असतात. निघताना त्यातून धूर पात्यांवर येतो, पाण्यात हवा मिसळते, पंखा थोडा घसरतो आणि आरपीएम पटकन चढतात. भोकांतल्या टोपणांचं माप बदललं तरी उसळीत फरक जाणवतो. इंजिनाची उंचीही पुन्हा लावावी लागते, इंजिन वरखाली करणारी जॅक प्लेट थोडी थोडी वर नेत आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या दाबाच्या काट्यावर लक्ष ठेवत.

शिवाय जुनं इंजिन उतरतं तेव्हा ते बहुधा बरंच वापरलेलं असतं आणि नवं असतं कोरं करकरीत. त्या फरकाचं श्रेय फुकटात फोर-स्ट्रोकच्या खात्यावर जमा होतं. दोन्ही कोरी इंजिनं एकाच बोटीवर लावून पाहणं हाच त्यावरचा उपाय होता. पण 2020 च्या मे महिन्यात एव्हिनरूडच्या मालक कंपनीने, बीआरपीने, एव्हिनरूडचं उत्पादन बंद केलं आणि अमेरिकेच्या बाजारात बास बोटीला पुरेल असं नवं टू-स्ट्रोक उरलं नाही.