भंगारातही न जाणारी दाढीची पत्ती

खानदेशात लोखंड टाकून द्यायची रीत नव्हती. वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, झिजली की ती लोहाराकडे जायची. तो तिला तापवून ठोकायचा, धार काढायचा, पाणी द्यायचा. पास अगदीच अरुंद झाली की तिचं खुरपं व्हायचं. न्हाव्याच्या धोकटीतला वस्तरा दगडावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर पाजवून पाजवून निम्मा उरायचा, तरी कामातून जायचा नाही. लोहार आणि न्हावी दोघेही बलुतेदार, सुगीला धान्य घेणारे. हत्यार टिकवणं हाच त्यांचा धंदा.

1860 च्या दशकात रेल्वे भुसावळला पोचली, पुढे धुळ्यावरून जाणाऱ्या मुंबई–आग्रा रस्त्यावर ट्रक वाढले, आणि जुन्या लोखंडाचा ओघ सुरू झाला. त्यात लोहारांनी सगळ्यात उचलून धरलं ते ट्रकच्या कमानीचे पाटे. हे स्प्रिंगचं पोलाद. तापवून पाणी दिलं की कडक होतं आणि धार धरून ठेवतं. पेरणीच्या आधी गावाबाहेर घिसाड्याचं, म्हणजे फिरत्या लोहाराचं, पाल पडलं की आजही हे बघायला मिळतं. तो सांडशीत लाल तुकडा धरून फिरवतो, समोर उभी राहून बाई घण घालते, आणि मोडक्या पाट्यातून कुऱ्हाड बाहेर येते. पुनर्वापराचं याहून चोख उदाहरण मला माहीत नाही.

दाढीची पत्ती या साखळीत कधीच बसली नाही. अमेरिकेत किंग कँप जिलेट यांनी 1901 मध्ये कंपनी काढली, 1903 मध्ये विक्री सुरू केली. पहिल्या वर्षी 51 रेझर आणि 168 पाती खपली. पातं पाजवायचं नाही, टाकून द्यायचं, हीच मूळ कल्पना. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडेही कारखाने निघाले आणि पत्ती गावोगावच्या किराणा दुकानात आली. दुधारी पत्तीची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर, वजन अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त. किलोभर जमायला दीड हजाराच्या वर पत्त्या लागतात. आठवड्याला एक बदलणाऱ्याची तीस वर्षं जातील. भंगारवाला तिच्यासाठी तराजू काढत नाही, लोहाराला ती ठोकता येत नाही.

मग ती घरातच राहिली. पोरांनी पेन्सिली तासल्या, शिंप्यांनी शिवण उसवली, वडीलधाऱ्यांनी नखं काढली. होस्टेलच्या पोरांनी दोन पत्त्यांमध्ये काड्या घालून, वायर जोडून पाणी तापवलं. तो प्रकार जीवघेणाच, कारण वीज थेट पाण्यात उतरते. त्याहून वाईट म्हणजे बाळंतपणात जुन्या पत्तीने नाळ कापणं. त्यातून धनुर्वात व्हायचा आणि काही दिवसांचं बाळ हातचं जायचं. म्हणून दाईंच्या प्रशिक्षणात कोऱ्या पत्तीवर इतका भर दिला गेला. लसीकरण आणि दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, आणि 2015 मध्ये माता व नवजात धनुर्वाताचं देशातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं.

1986 मध्ये देशात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले. त्यानंतरच्या वर्षांत जनजागृती वाढत गेली तशी सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी अर्धी पत्ती लावायची पद्धत रुजली. हा बदल चांगलाच झाला. पण घरात महिन्याला चार पत्त्या निघतात, तर चालत्या सलूनमध्ये रोज ओंजळभर अर्धुकं निघतात, तीही रक्ताचा संसर्ग असू शकणारी. केसांबरोबर ती कचऱ्यात गेली की कचरा वेचणाऱ्या बायांची बोटं कापतात, उकिरड्यावर तोंड घालणाऱ्या गाईच्या पोटात जातात.

खरं तर पत्ती पोलादाचीच, भट्टीत वितळणारी. शेजारच्या जालन्यातल्या भट्ट्या भंगारावरच सळया बनवतात. अडचण सुट्या पत्तीची आहे. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला बारीक चीर पाडायची, झाकण पक्कं बसवायचं, पत्त्या आत टाकत जायच्या, आणि भरला की चीर ठोकून बंद करायची. घरचा डबा वर्षानुवर्षं भरत नाही. सलूनचा मात्र लवकर भरतो, आणि तो घंटागाडीतल्या ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळा उचलायची सोय नगरपालिकांनी करायला हवी. 2016 च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंज घातक कचऱ्यात धरल्या होत्या. सलूनची पत्ती त्याच रांगेत बसवायला हवी.