फॉर्ममधून आत शिरणारा चोर

कोल्हापुरात सॉफ्टवेअर लिहिणारी पोरं आता कमी नाहीत, शिरोलीच्या फाउंड्रीचं बिलिंग, पतसंस्थेची पिग्मी, मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्याचा हिशोब, सगळं इथंच कोण ना कोण करून देतंय. पण सुरक्षेचं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'अँटीव्हायरस टाकलाय की, फायरवॉल पण हाय.' असू दे की, पण चोर बऱ्याचदा साध्या फॉर्ममधून आत येतो आणि तिथं या दोघांचं फारसं काही चालत नाही.

कसा ते बघा. पतसंस्थेच्या स्क्रीनवर सभासदाचं नाव टाकलं की प्रोग्राम डेटाबेससाठी एक वाक्य बनवतो, ज्याचं नाव 'पाटील' आहे तो सभासद दाखव. त्या अवतरण चिन्हांच्या मधे तुम्ही टाइप केलेलं जसंच्या तसं चिकटवलेलं असतं. आता एखाद्या वस्तादानं नावाच्या जागी कायतरी लिहून ते चिन्ह स्वतःच बंद केलं आणि पुढं 'किंवा १=१' जोडलं तर? एक बरोबर एक हे कायमच खरं, त्यामुळं डेटाबेस बिचारा सगळ्याच सभासदांची यादी काढून देतो. डेटाबेसशी बोलायच्या भाषेचं नाव एसक्यूएल, म्हणून यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात, १९९८ साली 'फ्रॅक' या हॅकर लोकांच्या मासिकात ही युक्ती छापून आली आणि अजून चालतीय.

यावर बरेच जण काय करतात, तर अवतरण चिन्ह दिसलं की उडवून टाकायचं. हे काय खरं न्हवं. एक तर आडनावात मधे तसलं चिन्ह असणाऱ्या डि'सोझांचं खातंच सापडत नाही, आणि खाते नंबरच्या रकान्यात तर चिन्हाची गरजच नसते, तिथनं चोर आत जातोच.

खरा उपाय सोपाय. वाक्याचा सांगाडा रिकामी जागा ठेवून आधी डेटाबेसला द्यायचा, त्याचा अर्थ लागला की नाव मागनं वेगळं पाठवायचं. मग कुणी काही टाइप करू दे, डेटाबेस 'किंवा १=१' नावाचाच सभासद शोधत बसतो आणि तसला कोण सापडत नाही. विषय कट! फक्त टेबलचं किंवा रकान्याचं नाव असं मागनं देता येत नाही, ते ठरलेल्या यादीतूनच घ्यायचं.

मेमरीचंही असंच. १९८८ च्या मॉरिस वर्मनं, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या एका प्रोग्रामनं, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका प्रोग्रामला ५१२ बाइटच्या जागेत ५३६ बाइट दिले, जादाचे बाइट शेजारच्या मेमरीत सांडले आणि पुढं कुठला कोड चालवायचा तेच बदललं. सी भाषा माप बघत नाही, रस्ट किंवा जावा बघतात, म्हणून नवीन काम त्यात करा असं लोक कानीकपाळी ओरडतायत.

तरी चुका राहणारच, म्हणून रिपोर्टच्या स्क्रीनला डेटाबेसमधलं फक्त वाचायचा अधिकार द्यावा, पुसायचा कशाला? आपल्याकडं सगळीकडं सगळे अधिकार असलेलं एकच अॅडमिन लॉगिन, कारण इन्स्टॉल करताना तेवढंच पटकन चाललं. आणि अपडेट वेळेवर टाकायचं. वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम मे २०१७ मध्ये जगभर पसरला, मायक्रोसॉफ्टनं त्यावरचा पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारं अपडेट, मार्चमध्येच दिलेला.

पासवर्डचं बाहेरूनही तपासता येतं. 'विसरलो' दाबल्यावर जुनाच पासवर्ड एसएमएसनं आला, तर समजा की तो हॅश केलेलाच, म्हणजे उलट फिरवून मूळ वाचता येणार नाही असा बदलून ठेवलेलाच नाही, परत वाचता येईल असा ठेवलाय, आणि डेटाबेस ज्याच्या हाताला लागेल त्याला सगळ्यांचेच वाचता येतील.