ग्वाल्हेरमध्ये बंदुकीचा परवाना: पात्रता, कागदपत्रं, प्रशिक्षण आणि फाइल अडली तर

कलेक्टरेटच्या शस्त्र शाखेत जाणारा माणूस बहुतेक वेळा हत्यार आधीच ठरवून गेलेला असतो. कोणाला रिव्हॉल्वर हवं असतं, कोणाला दुनाळी. कशासाठी हवं, याचा विचार फॉर्म भरताना सुरू होतो. कायद्यात हा क्रम नेमका उलटा आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम आधी कारण विचारतात, मग माणूस तपासतात आणि हत्याराकडे शेवटी येतात. चंबळच्या या पट्ट्यात खांद्यावरची बंदूक म्हणजे प्रतिष्ठा असं मानणारे अजून पुष्कळ आहेत, पण ‘प्रतिष्ठा’ हे कारण फॉर्मवर लिहिता येत नाही.

भारतात शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही, त्यामुळे ‘माझा हक्क आहे’ म्हणून कोणी परवाना मागू शकत नाही. मात्र अर्जाची नीट चौकशी होणं, ठरलेल्या मुदतीत निर्णय मिळणं, नकाराची कारणं लेखी मिळणं आणि अपील करता येणं हे सगळं कायद्यानंच दिलेलं आहे. शूटिंग क्लबांनी किंवा परवानाधारकांच्या मंडळांनी सदस्यांसाठी भांडायचं असेल तर ते या चार गोष्टींसाठी भांडावं. घोषणांपेक्षा पोचपावती जास्त कामाला येते.

कोण अर्ज करू शकतो

वय २१ पूर्ण हवं. हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कितीही मुदतीची कैद झाली असेल, तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं शस्त्र घेता येत नाही. शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून दिलेलं असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. मोहल्ल्यातल्या भांडणानंतर दोन्ही बाजूंना तहसीलमध्ये उभं करून बाँड भरून घेतात. लोक हे विसरतात आणि ठाण्याच्या अहवालात ते बरोबर वर येतं. मानसिक आजार असेल किंवा सार्वजनिक शांततेला धोका वाटत असेल, तर परवाना नाकारला जातो.

एक गैरसमज मात्र डोक्यातून काढून टाकावा. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही. कलम १४ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात (आधी तीन होत्या) आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आहे.

कारण: फाइलीचा कणा

स्वसंरक्षणासाठी अर्ज असेल तर ‘जिवाला धोका आहे’ हे वाक्य पुरत नाही. व्यवसाय, नोकरी किंवा पेशामुळे जीव किंवा मालमत्ता सांभाळण्याची खरी गरज आहे, हे कागदांनी दिसलं पाहिजे. दाल बाजारातला आडत्या किंवा सराफ असेल तर जीएसटी नोंदणी, आयकर विवरणपत्रं, रोकड किंवा माल नेण्याचा मार्ग आणि वेळ लिहिलेलं पत्र, बँकेचं खातेविवरण जोडावं. धमकी आली असेल तर ठाण्यात दिलेल्या तक्रारीची पोच किंवा एफआयआरची प्रत जोडावी. तक्रारीची तारीख अर्जाच्या आदल्या दिवसाची असेल तर चौकशी अधिकारी काय समजायचं ते समजतो. सैन्य, केंद्रीय दलं किंवा राज्य पोलिसांत असलेले आणि निवृत्त झालेले यांचाही नियमांत वेगळा उल्लेख आहे, पण ‘खरी गरज’ त्यांनाही दाखवावी लागते.

खेळाचा मार्ग लांब आहे, पण तरुणांसाठी सगळ्यांत सरळ तोच. नियमांना अपेक्षित आहे तो किमान दोन वर्षं शूटिंग क्लबचा किंवा रायफल असोसिएशनचा सक्रिय सदस्य असलेला खेळाडू. सदस्यत्वाची फी भरून रेंजवर न फिरकलेला इथे चालत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून फीच्या पावत्या, रेंजच्या हजेरी रजिस्टरची प्रत, स्पर्धांचे स्कोअरशीट आणि प्रमाणपत्रं एका फाइलीत ठेवत जावीत. ही दोन वर्षं वाया जात नाहीत. ०.१७७ बोरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर रायफलला किंवा एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. दहा मीटरच्या नेमबाजीचा सगळा पाया तिच्यावरच घडतो.

पिकांच्या रक्षणासाठी टोपीदार (नळीच्या तोंडातून बार भरायची) बंदूक मागायची असेल तर जमिनीचा खसरा-खतौनीचा उतारा आणि नीलगाय, रानडुक्कर यांच्या नुकसानीचा काही पुरावा एवढ्यावर अर्ज उभा राहतो.

चौथा मार्ग वारशाचा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांमधून आजोबांची बारा बोरची बंदूक अजून कपाटात असते, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न वारंवार येतो. परवानाधारकाचा मृत्यू झाला, किंवा त्याचं वय ७० झालं, किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं झाली, तर कायदेशीर वारसाला परवाना मागता येतो. मृत्यूनंतर शस्त्र घरात ठेवून ‘तेरावं झाल्यावर बघू’ म्हणणं धोक्याचं आहे. ज्याच्या नावावर परवाना होता तो माणूस राहिलेला नाही, म्हणजे ते हत्यार आता विनापरवाना आहे. आणि विनापरवाना बंदुकीला २०१९ नंतर किमान दोन वर्षं कैद आहे. शस्त्र आणि काडतुसं ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, क्रमांकासह पावती घ्या आणि मगच अर्जाच्या मागे लागा. मृत्यू प्रमाणपत्र, मूळ परवाना, वारसांची यादी आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याची शपथपत्रं लागतात. पुण्याला किंवा परदेशात असलेल्या बहिणीची सही राहिली म्हणून फाइल महिनोन्महिने पडून राहते. वारसाकडे आधीच दोन बंदुका असतील तर वारशानंही तिसरी मिळत नाही.

फॉर्म आणि कागद

अर्ज फॉर्म ए-१ मध्ये. राष्ट्रीय शस्त्र परवाना प्रणालीत नोंद होऊन प्रत्येक परवान्याला युनिक आयडी क्रमांक मिळतो. असा क्रमांक नसलेला जुना परवाना आज वैध धरला जात नाही. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे चार पासपोर्ट फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार किंवा दुसरं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, व्यवसायाचे कागद, फॉर्म एस-३ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडायचं असतं.

मराठी घरांत सगळ्यांत जास्त अडतं ते नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव मध्ये, आधारवर ते गायब, पॅनवर नुसतं आद्याक्षर आणि लग्नानंतर बदललेलं आडनाव फक्त मतदार ओळखपत्रावर. पडताळणी करणाऱ्याला ही चार वेगळी माणसं दिसतात. अर्जाआधी आधार आणि पॅन जुळवून घ्या, नाहीतर ‘ही सर्व नावं माझीच’ असं नोटरी केलेलं शपथपत्र जोडा.

वैद्यकीय प्रमाणपत्र साध्या लेटरहेडवरचं ‘फिट’ चालत नाही. एस-३ च्या नमुन्यात शारीरिक आणि मानसिक आरोग्य, आणि अर्जदार मादक पदार्थांच्या आहारी गेलेला नाही, असा स्पष्ट उल्लेख हवा. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का तिथल्या तिथे तपासून घ्या.

फॉर्मवरच्या ‘पूर्वी अर्ज केला होता का’, ‘गुन्हा नोंद झाला होता का’, ‘कुटुंबात कोणाकडे परवाना आहे का’ या प्रश्नांना खरं उत्तर द्या. निर्दोष सुटलेला खटलाही निकालाच्या प्रतीसह लिहा. सुटलेला खटला सहसा आड येत नाही. लपवलेला येतो, कारण माहिती दडवून मिळवलेला परवाना कलम १७ खाली रद्द होतो.

शुल्क केंद्राच्या नियमांप्रमाणे आणि वर राज्याचं मुद्रांक शुल्क. हत्याराच्या प्रकाराप्रमाणे रक्कम बदलते, म्हणून चलन काढण्याआधी शस्त्र शाखेतून आकडा घ्या. स्थानिक अटींची यादीही तिथूनच घ्या. २०१९ मध्ये ग्वाल्हेरात अर्जदारानं दहा झाडं लावून त्यांच्यासोबतचा फोटो द्यावा अशी अट होती आणि त्याच वर्षी गोशाळेसाठी दहा ब्लँकेटंही मागितली गेली. झाडं लावायला कोणाची ना नाही, पण शस्त्र अधिनियमात अशी अट शोधूनही सापडणार नाही.

प्रशिक्षण: शिक्क्यासाठी नव्हे

२०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण परवान्याला जोडलं. क्लबनं सदस्यांना अर्ध्या तासात प्रमाणपत्र वाटण्यापेक्षा पुढचं सगळं हातानं करून घ्यावं, तेही आधी निकामी काडतुसांवर.

पहिली गोष्ट हत्यार रिकामं करणं. दुनाळी उघडून दोन्ही कोठ्या (चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघायच्या आणि बोटानं चाचपायच्या. .३१५ रायफलचा बोल्ट मागे ओढून मॅगझिन आणि चेंबर दोन्ही तपासायचं. रिव्हॉल्वरचं सिलिंडर बाहेर काढून प्रत्येक घर मोजायचं. पिस्तुलात आधी मॅगझिन काढायची, मग स्लाइड ओढायची. हा क्रम उलटला की स्लाइडनं बाहेर फेकलेल्या गोळीच्या जागी मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये चढते, आणि माणूस नंतर मॅगझिन काढून ‘रिकामं आहे’ म्हणत घोडा दाबतो. साफसफाई करताना गोळी सुटल्याच्या बातम्यांमागे पुष्कळदा हेच असतं.

नेम धरेपर्यंत बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, नळी नेहमी सुरक्षित दिशेला. काडतूस फुटलं नाही तर लगेच उघडायचं नाही. नळी समोर ठेवून किमान ३० सेकंद थांबायचं, कारण बार कधी कधी उशिरा पेटतो. आवाज फुसका आला, धक्का कमी बसला, तर थांबा, रिकामं करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडली की नळी फाटते.

बारा बोरवाल्यांच्या घरात वीस बोरची काडतुसं असू नयेत. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं, वरून कोठी रिकामी दिसते, त्यामागे बाराचं भरलं जातं आणि मग हातच जातो.

पावसाळ्यात चामड्याच्या खोळीत बंदूक ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि खोळीच्या शिवणीशी टेकलेल्या भागावर गंजाची रेघ उठते. पातळ तेलाचा हात देऊन, भिंतीला बोल्टनं पक्क्या केलेल्या लोखंडी कपाटात ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलपात हवीत. झाडण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीनं पुसून काढा.

ठाणे, मुदत आणि अपील

अर्ज कलेक्टरेटमधून पोलीस अधीक्षकांकडे, तिथून ठाण्याकडे येतो आणि त्याच वाटेनं अहवालासह वर जातो. ठाण्याच्या अहवालाला ३० दिवस, आणि अहवाल मिळाल्यावर साध्या (निर्बंधित नसलेल्या) प्रवर्गातल्या शस्त्राबाबत निर्णयाला ६० दिवस अशी मुदत नियमांत आहे. अहवाल वेळेत आलाच नाही तर कलेक्टर त्याच्याविनाही निर्णय देऊ शकतात, ही तरतूद कलम १३ मध्ये आहे. म्हणून आवक क्रमांकाची पोच पहिल्याच दिवशी घ्या, ३० दिवस उलटले की याच कलमाचा उल्लेख करून लेखी स्मरणपत्र द्या, आणि तरीही उत्तर नाही तर माहिती अधिकारात फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस आहे ते विचारा. एजंटाला पैसे देण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि फाइलीत त्याचा कागद राहतो.

नकार आला तर आदेशाची प्रत आणि कारणांचं लेखी निवेदन मागा. सार्वजनिक हिताच्या कारणावरून अडवलं नसेल तर ते द्यावं लागतं. अपील ३० दिवसांत, मोती महालात संभागायुक्तांकडे (विभागीय आयुक्तांकडे). उशीर झाला तर समर्थनीय कारण लिहून द्यावं लागतं. ‘गरज सिद्ध होत नाही’ असं कारण असेल तर अपिलात रडगाणं नको. जो कागद आधी कमी पडला तोच जोडा.

परवाना हातात आल्यावर

परवान्यावर लिहिलेल्या मुदतीत, लिहिलेल्याच प्रकारचं हत्यार घ्यायचं आणि शस्त्र शाखेत व ठाण्यात क्रमांकाची नोंद करायची. परवाना कोणत्या हद्दीपुरता आहे तो रकाना वाचा; मध्यप्रदेशापुरता परवाना घेऊन झाशीच्या लग्नाला जाता येत नाही. मुळात लग्नात न्यायचीच कशाला? वरातीतल्या हर्ष फायरला, म्हणजे आनंदात झाडलेल्या गोळ्यांना, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि परवाना जातो तो वेगळाच. मेव्हण्याला दोन दिवस बंदूक देणंही बेकायदा आहे. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला दुसऱ्याच्या हाती पाठवायची असेल तर धारकाचं लेखी अधिकारपत्र सोबत हवं.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याचा आदेश निघतो. वाट न बघता ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करा. पावतीवर शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि दस्त्यावर आधीपासून असलेले ओरखडेसुद्धा लिहून घ्या. राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूंना आणि बँकेच्या रखवालदारांना सूट मिळू शकते. त्यासाठी अर्ज आदेश निघाल्या निघाल्या छाननी समितीकडे द्यावा लागतो. नूतनीकरणाची तारीख त्याच काळात येत असेल तर जमा पावतीची प्रत जोडून अर्ज मुदतीच्या दोन महिने आधीच टाका, कारण शस्त्र ठाण्यात पडून आहे म्हणून परवान्याची मुदत थांबत नाही.