प्लाक आणि टार्टर : कोणता ब्रशने निघतो, कोणता नाही

'दातांवर टार्टर (कडक थर) साचला आहे' असे दंतवैद्याने सांगितले, की बहुतेक जण घरी येऊन अधिक जोराने ब्रश करू लागतात. त्या जोराने टार्टर तसूभरही हलत नाही; हिरड्या मात्र मागे सरकतात आणि मुळाजवळचा दात झिजू लागतो. याउलट एकदा स्केलिंग, म्हणजे दंतवैद्याकडून यंत्राने टार्टर काढणे, करून घेतले, की वर्षभर काळजी नाही असे समजून रात्रीचा ब्रश टाळणारेही कमी नाहीत. पहिल्याला टार्टर घरी निघेल असे वाटते आणि दुसऱ्याला प्लाक, म्हणजे दातांवरचा मऊ थर, दवाखान्यातच कायमचा मिटला असे वाटते.

दात स्वच्छ केल्यानंतर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा अतिशय पातळ पापुद्रा त्यांवर पुन्हा चढतो. तो निरुपद्रवी असतो. पण तोंडातील जिवाणू त्याला चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. जिवाणूंची ही जिवंत, मऊ वस्ती म्हणजे प्लाक. तिचा रंग दाताशी मिळताजुळता असल्यामुळे ती आरशात सहसा दिसत नाही. सकाळी ब्रश करण्यापूर्वी हिरडीच्या कडेने नख हलकेच फिरवले, तर नखात जो पांढुरका, बुळबुळीत थर येतो, तोच प्लाक. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात स्वतः सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या लेव्हेनहूक यांनी 1683 मध्ये दातांवरचा असाच थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात हालचाल करणारे सूक्ष्म जीव असल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला कळवले.

साखर मिळताच यांतील काही जिवाणू, विशेषतः स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, आम्ल तयार करतात. प्लाकचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) सुमारे 5.5 च्या खाली गेला, की इनॅमलमधील, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणातील, खनिजे विरघळू लागतात, आणि लाळेला ही आम्लता पुन्हा निवळवायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. त्यामुळे संत्रा बर्फीचे तीन-चार तुकडे जेवणाबरोबर एकदाच खाणे हे, दुपारभर येता-जाता एकेक तुकडा तोंडात टाकण्यापेक्षा, दातांना कमी महागात पडते. दाताची कीड अशी सुरू होते. हिरड्यांची सूजही याच थरामुळे येते. डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि 1965 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी हिरड्या असलेल्या व्यक्तींना दात साफ करणे थांबवण्यास सांगितले, तेव्हा 10 ते 21 दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू होताच सुमारे आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या.

टार्टर ही याच प्लाकची पुढची अवस्था आहे. जागेवर राहिलेल्या प्लाकमध्ये लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट साचू लागते आणि, बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर थर धरावा तसा, तो कडक होत जातो. ही क्रिया काही दिवसांतच सुरू होऊ शकते. पूर्ण घट्ट झालेल्या टार्टरचा बहुतांश भाग खनिजांचा असतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूवरून जिभेचे टोक फिरवल्यास खरखरीत कडा जाणवते ती याचीच. लाळग्रंथींच्या नलिका तेथे आणि वरच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूला उघडत असल्यामुळे टार्टरही तेथेच अधिक जमतो. हिरडीच्या वरचा टार्टर पिवळसर असतो, तर हिरडीखालचा काळपट आणि अधिक चिवट.

लोक घाबरतात ते टार्टरला, कारण तो दिसतो. खरा उपद्रव मात्र त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर पुन्हा बसणाऱ्या ताज्या प्लाकचा असतो. टार्टर काढायचा तो मुख्यतः प्लाकचा हा आसरा मोडण्यासाठी.

नागपुरात आणि एकूणच विदर्भात या दोहोंत खर्र्याच्या डागांची भर पडते. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या खर्र्याचे तपकिरी डाग म्हणजे प्लाकही नव्हे आणि टार्टरही नव्हे, पण खडबडीत टार्टरवर ते लवकर धरतात. केवळ हे डाग काढण्यासाठी स्केलिंगला येणाऱ्याचे तोंड पूर्वीइतके उघडत नसेल किंवा तिखटाने गालाच्या आत आग होत असेल, तर डागांचा विषय बाजूला ठेवून आधी त्याचीच तपासणी करून घ्यावी. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून रक्त येत नाही यावर त्यांनी विसंबू नये.

नागपुरातील 'मेडिकल'च्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) परिसरातील शासकीय दंत महाविद्यालय असो की खासगी दवाखाना, स्केलिंगने दात सैल होतात ही शंका रुग्णांच्या मनात असतेच. यंत्राचे टोक अतिशय वेगाने कंप पावून टार्टर फोडते आणि सोबतचे पाणी तो धुऊन नेते. इनॅमल खरवडले जात नाही. दातांभोवतीचे हाड आधीच झिजलेले असेल, तर दातांना धरून ठेवणारा टार्टर निघाल्यावर फटी आणि सैलपणा उघडे पडतात, एवढेच. थंड पाणी काही दिवस झोंबते, तेही सहसा आपोआप कमी होते.

लिंबू आणि खाण्याचा सोडा चोळून टार्टर काढण्याचा उपाय मुळीच करू नये, कारण लिंबाचे आम्ल दाताचे इनॅमलही सोडत नाही. टार्टर रोखणाऱ्या टूथपेस्ट नवा थर धरण्याचा वेग कमी करतात, जुना थर काढत नाहीत. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचे माउथवॉश प्लाकवर प्रभावी असले, तरी दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात. रोजच्या उपायांत मऊ ब्रश हिरडीकडे साधारण 45 अंशांत तिरपा धरून दोन मिनिटे हलक्या हाताने, फ्लोराइडयुक्त पेस्टने, दिवसातून दोनदा आणि विशेषतः झोपण्यापूर्वी फिरवणे सर्वांत महत्त्वाचे. संत्री खाल्ल्यावर मात्र ब्रश करण्यापूर्वी अर्धा तास थांबावे. दोन दातांमधल्या जागेत ब्रश पोहोचत नाही, तेथे फ्लॉस किंवा फटींसाठीचा बारीक ब्रश लागतो. आपण कुठे कमी पडतो हे पाहायचे असल्यास प्लाक रंगवणारी गोळी चावून चूळ भरावी. हिरडीच्या कडेला आणि फटींत उरलेला गुलाबी रंग ती जागा दाखवतो. स्केलिंग दर सहा महिन्यांनी सर्वांनाच लागते असे नाही. मधुमेह असणाऱ्यांना, तंबाखू खाणाऱ्यांना आणि वेडेवाकडे दात असणाऱ्यांना ते लवकर लागू शकते, आणि किती लवकर ते दंतवैद्याने हिरड्या तपासूनच ठरवावे.