दोन खाटांमधले २० सेकंद

सात नंबरच्या खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतलाय. बराच वेळ छाती दाबून झाली, तरी मॉनिटरवरची रेघ सपाटच राहिली. नातेवाइकांना सांगूनही झालं. आता त्याच हातांनी आठ नंबरच्या आजोबांची साखर तपासायची आहे. आजोबा विचारतात, "सिस्टर, जेवण कधी येणार?" आणि काही कारण नसताना आपला आवाज चढतो.

याचं कारण स्वभावात शोधण्याआधी रक्तात शोधावं. धावपळीत सुटलेलं अ‍ॅड्रिनलिन हे संप्रेरक रक्तात फार टिकत नाही, दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक मात्र सावकाश चढतं आणि सावकाशच उतरतं. ताणाचा प्रसंग सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी त्याची पातळी सर्वांत वर पोचते, आणि निम्म्यावर यायला पुढे तासभर तरी जातो. म्हणजे पाय आठ नंबरपाशी आले, तरी शरीर अजून सातपाशीच आहे. मनाचंही तेच. एक काम अर्धवट मनात ठेवून दुसऱ्याला हात घातला की लक्षाचा काही भाग मागेच अडकून राहतो, हे सोफी लरॉय यांनी २००९ साली प्रयोगांतून दाखवलं. वॉर्डात तर प्रत्येक काम असंच, मध्येच सोडून उठावं लागणारं.

अशा वेळी 'माइंडफुलनेस', म्हणजे लक्ष आत्ताच्या क्षणाकडे परत आणायचा सराव, सुचवला की "पेशंटकडे लक्ष देऊ की स्वतःच्या श्वासाकडे?" असं डॉक्टर मंडळी वैतागून विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण लक्ष हेच तर या पेशातलं मुख्य हत्यार, आणि ते वाटतं तितकं भरवशाचं नाही. २०१३ साली ट्रॅफ्टन ड्र्यू आणि सहकाऱ्यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमधल्या गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी गुपचूप एक गोरिला बसवला होता, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठा. २० जणांना तो दिसलाच नाही. डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्राने तर सांगितलं की त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट त्या गोरिलावरून गेली होती. ही माणसं आपल्या कामात तरबेज होती. नजर तिथे होती, मन गाठींमध्ये गुंतलेलं होतं.

'माइंडफुलनेस' म्हटलं की मेणबत्त्या आणि बासरीचं संगीत आठवतं, ते जरा बाजूला ठेवू. पालीचे अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली पालीतल्या 'सति' या शब्दाला हा इंग्रजी प्रतिशब्द वापरला. 'सति' म्हणजे संस्कृतातली 'स्मृती'. मराठीत हल्ली 'सजगता' म्हणतात, पण मला 'भान' हा शब्द जास्त जवळचा वाटतो. आपलं भान सुटतं आणि आपण भानावर येतो. या साधनेत करायचं ते एवढंच, भान सुटलंय हे ओळखून परत यायचं. मन भटकलं म्हणजे साधना फसली असं नव्हे. ते भटकणारच. परत आणण्याचा सराव तेवढा करायचा असतो.

दवाखान्यात हे आणलं जॉन कबात-झिन यांनी. शिक्षणाने ते रेणुजीवशास्त्रज्ञ. १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला आणि त्यातून आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तयार झाला. त्यात रोज घरी ४५ मिनिटांचा सराव करायचा असतो. रात्रपाळी करून आलेल्या नर्सला हे सांगून पाहा, आणि सांगताना जरा लांब उभे राहा.

डॉक्टरांवरचा गाजलेला अभ्यास न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरचा, २००९ सालचा. ७० डॉक्टरांनी आठ आठवडे आणि नंतर दहा महिने महिन्यातून एकदा एकत्र बसून सराव केला. त्यांचा थकवा कमी झाला, रुग्णांबद्दलची आस्था वाढली. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि आलेले सगळे हौसेने आले होते, हेही लक्षात ठेवायला हवं. शिवाय त्या वर्गात ध्यानाच्या जोडीला डॉक्टर एकमेकांना आपल्या कठीण रुग्णांच्या गोष्टी सांगत होते. मला विचाराल तर निम्मं काम त्या गोष्टींनीच केलं असावं.

मग ज्याला १० मिनिटंही मिळत नाहीत त्याने काय करावं? तर, एक वेळ त्याच्याकडे आधीच राखून ठेवलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार हँडरब, म्हणजे हात निर्जंतुक करायचं अल्कोहोलचं द्रावण, हातांवर २० ते ३० सेकंद चोळायचं असतं. एका ड्यूटीत हे कितीतरी वेळा होतं, आणि बहुतेक वेळा पुढच्या कामाची यादी मनात जुळवतच होतं. त्याऐवजी तो वेळ हातांनाच द्यायचा. तळव्यावर पडलेलं हँडरब, ते उडताना येणारा गारवा, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं. मन सात नंबरकडे गेलं की गेलंय असं म्हणायचं आणि परत अंगठ्यावर यायचं.

सोबत दोन संथ श्वास. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. याला शरीरात नेमका आधार आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, कारण सोडताना मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस चेतातंतूचा लगाम आवळला जातो. हा तंतू अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनामार्फत काम करतो (तो रसायनामार्फत काम करतो हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर दाखवलं) आणि त्याचा परिणाम एक-दोन ठोक्यांतच दिसतो. मिनिटाला सहा श्वास या गतीने २० सेकंदांत बरोबर दोन श्वास बसतात. कॉर्टिसॉल एवढ्यात धुतलं जात नाही, ते आपल्या वेळेनेच उतरेल. पण लगाम हातात येतो.

आणखी एक छोटी गोष्ट म्हणजे मनातल्या भावनेला नाव द्यायचं. "राग आलाय." "वाईट वाटतंय." मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ सालच्या प्रयोगात, चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिल्यावर पाहणाऱ्याच्या मेंदूतल्या अमिग्डाला या भीती-रागाशी जोडलेल्या भागाची खळबळ कमी झालेली दिसली. मनातल्या मनात म्हटलं तरी चालतं. आजोबांना ऐकू जायची गरज नाही.

इथे एक कुरकुर नोंदवून ठेवतो. 'बर्नआउट' या शब्दाला १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी वैद्यकीय लिखाणात जागा दिली. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या करताना त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घकाळच्या ताणातून येणारी अवस्था, असं म्हटलं. डॉक्टरांवरच्या प्रयोगांचा २०१७ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा एकेका व्यक्तीसाठीच्या उपायांपेक्षा कामाच्या पद्धतीत, वेळापत्रकात केलेल्या बदलांचा परिणाम मोठा दिसला. ड्यूटीचा तक्ता तसाच ठेवून सुट्टीच्या दिवशी सक्तीचं सजगता शिबिर भरवणाऱ्यांनी तो आढावा वाचायला हरकत नाही. दोन माणसांचं काम एकाने करायचं असेल, तर कितीही लांब श्वास सोडला तरी हात दोनच राहतात.

ध्यान सगळ्यांना मानवतंच असंही नाही. काहींना डोळे मिटून बसल्यावर जुने प्रसंग जास्त टोचतात, अस्वस्थता वाढते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, लक्ष श्वासाऐवजी हातांवर किंवा पावलांवर ठेवावं. आणि तेही जड गेलं, तर थांबून तज्ज्ञाशी बोलावं.

पडद्यामागच्या सात नंबरसाठीही कुणीतरी विचार केलेला आहे. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात तातडीच्या विभागात काम करणारे नर्स जोनाथन बार्टेल्स यांनी एक साधी प्रथा सुरू केली. रुग्ण गेल्यावर खोलीतल्या सगळ्यांना ते क्षणभर थांबायला सांगत. हे कुणाचं तरी जिवाभावाचं माणूस होतं, आणि आपण सगळ्यांनी याच्यासाठी धडपड केली, अशा आशयाची एक-दोन वाक्यं बोलत. मग थोडा वेळ शांतता, ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे मनात काय ते म्हणायचं. जेमतेम मिनिटभराचं काम. त्यानंतर सगळ्यांचे आभार मानायचे, आणि जो तो आपापल्या पुढच्या रुग्णाकडे.